तात्यांचं फावडं

कडेगावापासून मिरजेपर्यंत आमच्या तात्यांइतका कुचकामी पुढारी शोधून सापडला नसता. तात्या म्हणजे माझे थोरले चुलते. पहिल्या महायुद्धात पलटणीत जाऊन आलेले आणि तेव्हापासून गावातल्या झाडून सगळ्या गोष्टींचे अध्यक्ष. भाषण म्हणून कधी केलं नाही. सभेत ‘तुमी म्हनाल तसं’ एवढं बोलायचे आणि पटका डोळ्यांवर ओढून डुलक्या घ्यायचे. बरं, हाताला काही वळण असावं, तर तेही नाही. मांडव घालताना पहिली गाठ अशी मारायचे, की खांब उभा राहायच्या आत ती सुटावी. भजनात असला सूर लावायचे, की बाकीची मंडळी घाबरून एकदम गायला लागायची. मी साताऱ्याला मॅट्रिक झालेला, सोसायटीचा चिटणीस. हा माणूस आपला अध्यक्ष, याची मला मनापासून लाज वाटे.

दुसरी लढाई संपली त्या साली बेंदराच्या मिरवणुकीत कुणाचा बैल पुढं, यावरून वरच्या आणि खालच्या आळीत अबोला झाला. ओढ्यावरून येणारा पाट दोन्ही आळ्यांचा. पावसाळ्यात तो गाळानं बुजला, आणि उपसायला आधी कुणी उतरायचं यावर गाडं अडलं. इकडं ऊस माना टाकू लागला. मी तीन सभा घेतल्या, एकीच्या महत्त्वावर पाऊण तास बोललो, पोटसमितीही नेमली. समितीत दोन्ही आळ्यांची माणसं असल्यामुळं ती एकदाही बसली नाही. तात्या तिन्ही सभांत छान झोपले.

तिसऱ्या सभेनंतर चौथ्या दिवशी सकाळी तात्या एकटेच फावडं घेऊन पाटात उतरले. गाळ उचलायचे आणि नेमका चढाच्या बाजूला टाकायचे, म्हणजे तो घसरून परत पाटात. मी बांधावर कपाळाला हात लावून बसलो. वरच्या आळीचे एक म्हातारबुवा तासभर बघत होते. शेवटी त्यांना राहवेना. गाळ काढताय का भरताय, असं विचारत त्यांनी तात्यांचं फावडं ओढून घेतलं. वरचा माणूस उतरलेला बघून, हा पाण्याचा उतार स्वतःच्या आळीकडं वळवून घेईल म्हणून खालच्या आळीचे दोघं धावले. दुपारपर्यंत सगळा गाव पाटात होता आणि एकदिलानं तात्यांना नावं ठेवत होता. तात्या बाभळीखाली तंबाखू मळत बसले होते. संध्याकाळी पाणी उसात शिरलं.

पुढं एकदा मी विचारलं, तात्या, तुम्हाला खरंच फावडं मारता येत नाही? तंबाखूची चिमूट तोंडात टाकत म्हणाले, “पलटणीत तीन वर्सं खंदकच खांदलं की रं. पर मला येतंय म्हनल्यावर समदी बांधावर बसून बगत राहिली असती.” मला मांडवाची गाठ आठवली, भजनातला सूर आठवला, आणि माझी मलाच लाज वाटली.

तात्या गेले त्याला वर्ष झालं. अध्यक्षपद माझ्या गळ्यात पडलं. यंदा पुन्हा पाट बुजला, पुन्हा कुणी हलेना. मी सभा घेतली नाही. तात्यांचं फावडं घेऊन पाटात उतरलो आणि गाळ चढाकडं टाकायला लागलो. हाताला फोड आले. बऱ्याच वेळानं तेच म्हातारबुवा काठी टेकत आले आणि त्यांनी हात पुढं केला.

“द्या हिकडं. तात्या लय ब्येस सोंग घ्यायचं. आमी समदी वळखून हुतो. तुमास्नी मातूर खरंच येत न्हाई.”

त्यांनी आळीकडं तोंड करून हाका मारल्या. माणसं येऊ लागली. मला तात्यांची इतकी आठवण आली, की फावडं सोडवेना. मग सोडलं, आणि बाभळीखाली जाऊन बसलो.