खंड्याची पेटी

तुमच्यापैकी जे त्या सकाळी दाभोळच्या बंदरात आम्हाला पोचवायला आले होते, त्यांना ती पेटी आठवत असेल. तीन फूट लांब, दोन फूट रुंद, सव्वादोन फूट उंच. फणसाच्या फळ्या, दोन्ही बाजूंना बारा-बारा भोकं. आत आमचा कुत्रा खंड्या.

आगबोटीच्या कचेरीतल्या कारकुनाने मला नियम दोनदा वाचून दाखवले होते. कुत्रा पेटीतच पाहिजे. आत त्याला उभं राहता आणि वळता आलं पाहिजे. मुंबई येईपर्यंत पेटी उघडायची नाही. मी ते कागदावर उतरवून घेतले आणि घरी येऊन खंड्याला टेपने मोजलं. आबा, माझे वडील, पडवीत बसून बघत होते.

"मापं कसली घेतोस रे? कुत्रा हाय तो, तुळई न्हाय."

आबा एकटे मागे राहणार होते. निदान कुत्रा तरी त्यांच्यापाशी ठेवावा, हे मला सुचलं नाही असं नाही. पण आमची पोर सुमन त्याच्यावाचून निघेना. आबा म्हणाले, "न्या. मी बोलेन भिंतीशी."

पडावाच्या होडीतून आगबोटीवर चढलो. डेकवर पाय लांब करायलाही जागा नव्हती. पेटीत खंड्या उभा राही, वळे आणि रडे.

"त्याला वळायला जागा हवी असा नियम आहे," बायको म्हणाली. "आपल्याला कुणी विचारलं नाही वाटतं." थोड्या वेळाने म्हणाली, "उघडा हो जरा. कोण बघतंय?"

मी उघडली नाही. शेजारच्या बाईने टोपलीतली कोंबडी खुशाल मांडीवर घेतली होती.

परळला आमची खोली दहा फूट बाय बारा. तिथे पेटी उघडली, पण खंड्या बाहेर येईना. भाकरी आतच खाई, जिन्यात पाऊल वाजलं की आतूनच भुंके. पाचव्या आठवड्यात मालकाचा निरोप आला, कुत्रा ठेवा नाहीतर खोली. गावचा दत्ताराम सुट्टीवर निघाला होता, त्याच्याबरोबर पेटी परत पाठवली. सुमन दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

मग आबांनी कुणाकडून तरी लिहवून घेतलेलं कार्ड आलं. "खंड्या पोचला. दत्तारामाने बोट सुटताच पेटी उघडली. सारी वाट तो त्याच्या पायाशी निजून आला. पडाव काठाला लागेस्तोवर मात्र थांबला न्हाय, पाण्यात उडी टाकली. पेटी पडवीत ठेवली हाय. तुला लागली तर."

मी ते कार्ड तीनदा वाचलं. दत्तारामाला कुणी अडवलं नव्हतं.

त्याला आता बारा वर्षं होतील. खंड्या गेला, आबांना जाऊनही चार वर्षं झाली. खोली तीच आहे. गिरणीत दिवसभर कापडाचे गज मोजतो, घरी आलो की चुलीपासून दारापर्यंत सात पावलं, परत सात. सुमन म्हणते, "बाबा, बसा की आता." बसतो आणि पुन्हा उठतो.

दर मे महिन्यात गावी आलो की पेटी पडवीतच असते. चुलतभाऊ तिच्यात नारळ टाकतो. मी ते काढतो, पेटी पुसतो, जागेवर ठेवतो. बायको विचारते, कशाला? मी भोकांतली धूळ फुंकतो.

यंदा मी तिचं झाकण तेवढं उचकटून काढलं आणि चुलीत घातलं.