सुक्या मासळीचं पाणी

बायको गेली तेव्हा गॅलरीत तिच्या बऱ्याच कुंड्या होत्या. सूनबाई एकेक करून घेऊन गेली, त्यांच्याकडे खारघरला ऊन चांगलं येतं म्हणाली. मी नेऊ दिल्या. मला झाडातलं काही कळत नाही. फक्त अबोलीच्या कुंडीला तिने हात घातला तेव्हा म्हटलं, "ती राहू दे." सुनेने हात मागे घेतला. शहाणी आहे.

ही अबोली करावे गावातल्या आमच्या जुन्या घराच्या मागची. सीवूड्सच्या सोसायटीत राहायला आलो तेव्हा टेम्पोत मागे कपाट, पलंग, भांडी, आणि पुढे ड्रायव्हरच्या शेजारी बायको, मांडीवर ही कुंडी घेऊन. चार फुलं का होईना, अंबाड्यात खोचल्याशिवाय ती बाजारात जायची नाही. मी चिडवायचो, "आता कोन बघतंय गो तुला?" ती म्हणायची, "तुमी नका बघू. मी काय तुमच्यासाठी मालतंय?"

मासळी धुतलेलं पाणी तिने कधी मोरीत ओतलं नाही. ते अबोलीला. मी वासावरून कुरकुर केली की म्हणायची, "त्याला पन चव हाय. तुमी खाता, त्यानं काय केलंय?" आणि झाड असं फुलायचं की खालच्या मजल्यावरच्या बाया वर बघून विचारायच्या, खत कुठलं घालता.

ती गेल्यावर मी एकदाच ताजी मासळी आणायला गेलो. बाजारातली ती म्हातारी कोळीण आणि माझी बायको रोज भांडायच्या. भावावरून, बर्फावरून, मासा कालचा की आजचा यावरून. त्या दिवशी मी समोर उभा राहिलो तर म्हातारीने माझ्याकडे बघितलं, भाव केला नाही आणि पिशवीत एक बांगडा जास्तीचा टाकला. मला ते सोसलं नाही. त्या दिवसापासून बाजार सोडला.

मग घरात सुकी मासळीच यायला लागली. सुकट, बोंबील, खारा बांगडा. एकट्या माणसाला ते बरं पडतं. भिजत घालायची, भाताबरोबर खायची, भांडं धुवायचं, संपलं. भिजवलेलं पाणी मी फेकलं नाही. ते अबोलीला घालायचो आणि म्हणायचो, "घे गो." घरात दुसरं कोणी नाही, त्यामुळे दिवसातून तेवढंच बोलणं व्हायचं.

शिमग्यापर्यंत अबोलीची पानं कडेने करपली. मग गळायला लागली. मला वाटलं, उपाशी आहे. मी आणखी पाणी घातलं.

खालच्या मजल्यावर एक बाई राहते, माझ्या मुलीच्या वयाची. मला मुलगी नाही, पण असती तर एवढी असती. ती गॅलरीतून ओरडली, "काका, अहो झाडाला काय केलंत? रविवारी चला माझ्याबरोबर. समोरच्या उद्यानात कुंडीतल्या झाडांचा वर्ग चालू झालाय. उन्हाळा लागला की दर वर्षी असतो."

"वर्गात? मला? सातवीनंतर शाळेने माझं तोंड बघितलं नाही."

"पाटी नाही आणायची. कुंडी आणायची."

गेलो. भांडायच्या तयारीनेच गेलो. उद्यानात वडाच्या पारावर पंधरा-वीस बाया, दोन रिटायर साहेब, आणि कुंडी पोटाशी धरून मी. बायांनी मोबाइलमध्ये झाडांचे फोटो काढून आणलेले. शिकवणाऱ्या मॅडम मधोमध उकिडव्या बसलेल्या. चाळिशीच्या असतील. अंगात नवऱ्याचा वाटावा असा ढगळ शर्ट, बाह्या दुमडलेल्या, नखांत माती. शेतकीचं शिकलेल्या आहेत असं नंतर कळलं. एका बाईने फोटो पुढे केला तर म्हणाल्या, "ताई, फोटो नको. झाड आणा. पोराला ताप आला तर डॉक्टरकडे फोटो घेऊन जाता का?"

तेव्हाच मला त्या आवडल्या.

दुसऱ्या एकीचा मोगरा फुलत नव्हता. मॅडमनी कुंडीत बोट खुपसलं आणि म्हणाल्या, "रोज खत घालता ना? लाड बंद करा. जरा उपाशी ठेवा, उन्हात ठेवा, फुलेल." ती बाई वरमली, पण हसली पण. असं तोंडावर बोलून कोणाला न दुखवणं मला सत्तरी ओलांडली तरी जमलेलं नाही.

माझी पाळी आली. मी कुंडी समोर ठेवली. "बायकोचं झाड हाय. जगवायचं हाय. बाकी मला काय शिकायचं नाय."

त्या हसल्या नाहीत. कुंडी फिरवून बघितली. "पाणी कुठलं घालता, काका?"

"नळाचं. आनी मासळीचं. तिची पद्धत होती."

"मासळी ताजी की सुकी?"

"ती ताजीचं घालायची. मी सुकीचं घालतो."

मातीवर पांढरी साय धरली होती ती त्यांनी नखाने उचलली आणि माझ्यासमोर धरली. "हे काय आहे?"

मला वाटत होतं, चुना असेल, बुरशी असेल. इतके दिवस रोज बघत होतो. त्यांच्या बोटावरचं थोडं घेऊन मी जिभेला लावलं.

माझ्या बापाने सगळा जन्म मिठागरात काढला. त्याच्या पायाच्या भेगांत मीठ बसलेलं असायचं. लहानपणी मी वाफ्याच्या कडेला बसून पाण्यावर धरलेली तीच पांढरी साय रोज बघितली होती. तरी मला ओळखता आली नाही. बायकोच्या झाडाला मी रोज मीठ पाजत होतो.

मॅडमनी नखाने खोडाची साल जरा खरवडली. आत तपकिरी. खाली खरवडली. तपकिरी. अगदी मातीजवळ खरवडली.

"काका, झाड गेलंय," त्या म्हणाल्या.

बायको गेल्यापासून लोक माझ्याशी कापसात गुंडाळून बोलत होते. ती सुटली, देवाला आवडली, तुमच्या आसपासच आहे. मुलगासुद्धा. या बाईने सरळ डोळ्यांत बघून सांगितलं. मी मान खाली घातली, पण खरं सांगतो, त्यांचा राग आला नाही. कोणीतरी मला धडधाकट माणूस समजून बोललं.

मग त्यांनी वाळलेल्या तुऱ्यांना हात लावला. पूर्वीच्या फुलांचे तुरे झाडावरच वाळले होते, कणसासारखे. "ही बोंडं भरलेली दिसतात. बी आहे यात. सगळ्यांनी आपापले मातीचे ट्रे इकडे आणा. गोल करा. काकांची कुंडी मधे ठेवा."

माझं डोकं फिरलं. "थांबा. हे लोकांना वाटायला नाय आनलं. माझ्या घरातलं हाय, माझ्याच घरात राहील."

"तुमच्या एकट्याच्या घरात ठेवलं आणि पुन्हा काही चुकलं, तर काका, मग कुठून आणणार?"

कुंडीवरचा हात मी काढला.

बायांनी ट्रे आणले. कोणी अंड्यांचे, कोणी आइस्क्रीमचे डबे, खालच्या बाईने श्रीखंडाचा डबा. माझ्याकडे काही नव्हतं, मला एका साहेबाने अर्धी कापलेली बाटली दिली. मॅडमनी सगळ्यांत माती भरून घेतली. मग तोंडासमोर हात धरून म्हणाल्या, "डोळे सांभाळा." आणि तुऱ्यांवर पाणी शिंपडलं.

थोडा वेळ काही नाही. मग फट्. मग फट् फट्. बोंडं फुटायला लागली. बी चारी बाजूंना उडायला लागलं, कोणाच्या ट्रेमध्ये, कोणाच्या पदरावर. एक बी एका साहेबाच्या टकलावर. बाया पोरींसारख्या ओरडायला लागल्या.

मला आमचं करावेचं स्वयंपाकघर आठवलं. मुलगा लहान असताना जेवत नसला की बायको अबोलीचं वाळलेलं कणीस पाण्याच्या वाटीत टाकायची. बोंड फुटलं की पोरगा हसायला तोंड उघडायचा आणि ती घास कोंबायची. हे मी पार विसरलो होतो. मॅडमना हे सांगितलं तर म्हणाल्या, "काकू माझ्यापेक्षा बऱ्या मास्तरीण होत्या." तिला काकू म्हटलं. होत्या म्हटलं, आहेत नाही. दोन्ही बरोबर.

त्यानंतर मी एकही रविवार चुकवला नाही. बी कसं रुजवायचं, पाणी कधी तोडायचं, कुंडीचं भोक का बुजतं, सगळं ऐकलं. मॅडमना कंटाळा नव्हता. एकच प्रश्न चौघींनी विचारला तर चार वेळा उत्तर द्यायच्या, आणि चौथ्या वेळी आवाज चढलेला नसायचा. मी चाळीस वर्षं एपीएमसी बाजारात कांद्याच्या गाळ्यावर माणसं हाताळली. माझा आवाज दुसऱ्या वेळेलाच चढायचा.

माझ्या बाटलीत काही उगवलं नाही. सकाळ-संध्याकाळ बघायचो, बघितलं की पाणी घालायचो. बी कुजलं. मी कोणाला सांगितलं नाही.

अक्षय्य तृतीयेच्या सुमारास वर्ग संपला. शेवटच्या रविवारी सगळ्यांनी आपापली रोपं उद्यानात मांडायची आणि एकमेकांना द्यायची असा कार्यक्रम होता. त्याला झाडांची जत्रा म्हणतात. वांगी, मिरच्या, तुळस, गवती चहा, कागदी पिशव्या, पोरंटोरं, सरबत. मी रिकाम्या हाताने गेलो आणि वडाखाली बसलो. कोणाच्या ट्रेकडे बघायची हिंमत नव्हती. सगळीकडेच कुजलं असेल तर संपलं.

खालची बाई श्रीखंडाचा डबा घेऊन समोर उभी राहिली. "काका, काकूंचं माहेरपण झालं. आता पाठवणी करायला आलेय."

डब्यात दोन रोपं. बोटाएवढी, चार-चार पानांची. मागून अंड्यांच्या ट्रेवाली आली, तिच्याकडे पाच. टकलूसाहेबाकडे एक, तेही वाकडं, पण तो सगळ्यात जास्त मिरवत होता.

सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. काहीतरी बोलायला पाहिजे होतं. म्हटलं, "लय बारीक ठेवलीत तिला. खायला घातलं नाय काय?"

हसले सगळे. बरं झालं, त्या हसण्यात मला डोळे पुसता आले.

मी श्रीखंडाचा डबाच घेतला. बाकीची ज्याची त्याच्याकडे ठेवा म्हटलं. मॅडम म्हणाल्या, "काका, मासळीचं पाणी बंद करू नका. पण ताजीचं. भरपूर पाणी मिसळून पातळ करायचं आणि आठवड्यातून एकदाच. सुकीचं मोरीत."

आता ताजी मासळी म्हणजे बाजार आला. एक-दोन दिवस टाळलं. मग रोपाकडे बघितलं आणि पिशवी घेतली.

म्हातारी कोळीण होती तिथेच. मला बघून पुन्हा तसंच तोंड करायला लागली. मी आधीच म्हटलं, "हे बांगडे कालचे दिसतात."

ती थबकली. मग कमरेवर हात ठेवला. "कालचे? डोले फुटले काय तुजे? कल्ले उघडून बघ!"

"भाव पन जास्त लावतेस."

"तुजी बायको बरी होती रं, तुज्यापेक्षा! ती तरी मासा ओलखायची!"

बराच वेळ भांडलो. बाजूच्या बाया वाद ऐकायला थांबल्या. शेवटी जास्तीचा काही दिला नाही तिने, मापातच दिलं. मी खुशीत घरी आलो.

बांगडे साफ करायला मला वेळ लागला, बोटाला काटा लागला. धुतलेलं पाणी वेगळं काढलं, त्यात तांब्याने चांगलं पाणी मिसळलं. रोपांना घालायच्या आधी बोट बुडवून जिभेला लावलं. वास आला, मीठ नव्हतं.

मग घातलं.