सोनबा गाडीला नावं ठेवायला गेला

अंथुर्ण्याच्या सोनबाला बापाकडून दोन गोष्टी मिळाल्या. एक, जनावराची पारख आणि दुसरी, जनावर घेताना तोंड वाकडं करायची कला. बाप मेंढरं घेऊन उभा जन्म हिंडला आणि पोराच्या कानात एकच मंत्र सांगून गेला, "माल आवडला की नावं ठेवायची, पोरा. तोंडातनं 'बरं हाय' निघालं की किंमत वाढलीच म्हणून समज."

सोनबानं पुढं मेंढरं सोडली, कालव्याच्या इंजिनियर साहेबाची गाडी चालवली, मग टेम्पो चालवला, पण मंत्र काही सोडला नाही. इंदापूर-बारामतीकडं कुणाला जुनी जीप नाहीतर जुनी मारुती घ्यायची असली की आधी सोनबाला न्यायचे. हा गाडीभोवती एक चक्कर मारायचा, दार आपटून आवाज ऐकायचा, ऑइल बोटावर चोळायचा आणि मालकाच्या तोंडावर म्हणायचा, "ह्यापरास आमची बैलगाडी बरी की!" मालकाचा चेहरा पडायचा, पाठोपाठ किंमत पडायची, आणि घेणारा सोनबाला मटण खाऊ घालायचा. एवढं करून हा स्वतः मात्र फटफटणाऱ्या लुनावर. गावाची लग्नं जुळवणारा स्वतः बिनलग्नाचा राहावा, तसली गत!

शहाण्णव साली त्याच्या कानावर आलं की पणदऱ्यात एका गोठ्यात हेराल्ड मोटार उभी आहे आणि ती विकायची आहे. झालं, गड्याचं जेवणात लक्ष लागेना. साहेबाची गाडी हेराल्डच होती. दोन दारांची, बुटकी, मद्रासला तयार व्हायची. ती बनायची बंद होऊन पंचवीस वर्षं झाली होती, आणि सोनबानं तेवढी वर्षं तिची वाट बघितली होती. ट्रंकेत टेम्पो विकल्याचे दहा हजार होते. बायको साखरबाईनं ते काढून दिले आणि बजावलं, "अवो, नीट नावं ठेवा. दुसऱ्याच्या टायमाला जीभ लई चालती तुमची!"

पणदऱ्यात विजयमालाबाईनं गोठ्याचं दार उघडलं. तिचा नवरा जोतीराम वांगी-टोमॅटो पिकवणारा माणूस. दोन वर्षांमागं गेला. चौऱ्याहत्तर साली त्यानं दोन दुभत्या म्हशी विकून एका डॉक्टरकडून ही गाडी आणली होती, आणि हिच्यातच माल भरून बारामतीच्या बाजाराला जायचा. लोक 'वांग्याची मोटार' म्हणून फिदीफिदी हसायचे.

"बघा, तात्या, आन् घेऊन जा एकदाची," विजयमाला म्हणाली. "ह्या डबड्यापायी माज्या भरल्या कासंच्या म्हशी गेल्या. भंगारवाला तीन हजार देतोय म्हणतोय आमचा ल्योक दादासो. तुमी काय द्याल ते द्या."

तीन हजार! सोनबाला बापाचा मंत्र आठवला. त्यानं झकास तोंड वाकडं केलं, घसा खाकरला आणि बॉनेटच्या दोन्ही बाजूंच्या कड्या सोडून ते उचललं. हेराल्डचं अख्खं नाकाडच पुढं कलतं, सगळं इंजिन उघडं पडतं. आत उंदराची घरटी आणि गंज असणार, असा त्याचा हिशेब. बघतो तर काय, एकूण एक नटाला ग्रीस! वायरींना सुती पट्ट्या गुंडाळलेल्या. खाली वाकून बॅटरीचा उजेड मारला तर सांगाड्याला वर्षानुवर्षं ऑइलचा हात दिलेला. टायर खराब होऊ नयेत म्हणून गाडी विटांवर चढवलेली.

"अरारारा!" सोनबाच्या तोंडून निघालं.

"लई वाईट हाय व्हय?"

बास, 'व्हय' म्हणायचं होतं. एक शब्द, आणि गाडी घरात! पण ह्या गाढवाचं तोंड सुटलं.

"वाईट? वैनी, ह्या माणसानं गाडी न्हाय, लेकरू संभाळलंय! आन् काय गाडी निवडली! बैलगाडी वळणार न्हाय त्या बोळात ही वळती. भंगारवाल्याला दारात उभा करू नगा. पुण्यातला हौशी माणूस पन्नास हजार मोजंल हिचे, ते बी हात जोडून!"

बोलून झालं आणि सोनबानं जीभ चावली. पण बाण सुटला होता.

विजयमाला मटकन गव्हाणीच्या कडेला बसली. "म्हंजी... ह्यांची पारख चुकली न्हवती?"

"चुकली? एवढी चांगली खरेदी मी जल्मात बघितली न्हाय, वैनी."

बाईच्या डोळ्यांतनं घळाघळा पाणी आलं. "वीस वरसं बोलले मी त्यास्नी. ताटात भाकरी वाढताना बी मी म्हशींचं नाव काढायची. ते आपले गालात हसायचे. एकदा म्हणून बसले न्हाय मी हिच्यात, तात्या. रागानं." तिनं पदरानं तोंड पुसलं आणि लेकाला हाक मारली, "दादासो! भंगारवाल्याला न्हाय म्हणून सांग. गाडी विकायची न्हाय."

सोनबा हळहळला, खोटं कशाला सांगा? पंचवीस वर्षांची हौस स्वतःच्याच जिभेनं घालवली होती त्यानं. पण त्या बाईकडं बघून त्याला आपली जीभ परत घ्यावीशी वाटेना.

"चालू व्हईल का हो?" तिनं विचारलं.

"न होऊन सांगती कुणाला?"

दादासोनं ट्रॅक्टरची बॅटरी आणली, सोनबानं प्लग घासले, चाकांत हवा भरली, नवं पेट्रोल ओतलं. दीड तासानं इंजिन खोकलं, अडखळलं आणि लागलं एका सुरात बोलायला. विजयमाला पदर सावरून पुढच्या सीटवर बसली. सोनबानं तिला बारामतीच्या रस्त्यानं चांगले चार मैल फिरवून आणलं. बाई सगळा वेळ एक हात पुढच्या फळीवर ठेवून बसली होती. पारावरचे लोक उठून उभे राहिले. ह्या वेळी हसलं कुणीच नाही.

संध्याकाळी लुना अंगणात लागली. साखरबाई रस्त्याकडं बघत दारात उभी होती.

"गाडी कुठं हाय? केवढ्याला घेतली?"

"घेतली न्हाय. विकली."

"विकली? कुणाला?"

सोनबानं दहा हजारांची पुरचुंडी तिच्या हातात ठेवली आणि खदाखदा हसला. "जिची होती तिलाच."