बासचं बटण

मी दिवसा शाळेत संगीत शिकवतो आणि संध्याकाळी रिसेप्शनमध्ये डबल बास वाजवतो. डबल बास म्हणजे व्हायोलिनचा माझ्याहून उंच असा थोरला भाऊ. नागपुरात जॅझ ऐकायला तिकीट काढून कोणी येत नाही, पण बुफेच्या वेळी लोकांना असलं 'क्लास' संगीत हवं असतं. तेवढ्या जोरावर मी इतकी वर्षं कलावंत म्हणून मान ताठ ठेवली.

गेल्या हिवाळ्यात अमरावती रोडवरच्या एका लॉनवर आम्ही वाजवत होतो. पहिला भाग संपला आणि पाहुण्यांतून माझ्या आठवीच्या वर्गातली एक मुलगी दहीवड्याची प्लेट घेऊन आली. हिचा कान मीच तयार केलेला. पेटीबरोबर गाताना कुणाचा सूर जरा ढळला की ही तोंड वाकडं करते.

"सर, तुम्ही खरंच वाजवून राहिले होते का नुसतेच उभे होते?"

मी हसलो. मग तिचा चेहरा पाहिला. पोरगी थट्टा करत नव्हती.

तडक साउंडवाल्याकडे गेलो. हा आमचा नेहमीचा माणूस, दर वेळी वाकून नमस्कार करणारा. "माझा आवाज समोर जात नाही?"

"नाही जात. तुमचं बटन मी बंदच ठेवतो ना सर. मोठ्या स्पीकरमधून लय धमधम होते. पाव्हणे जेवून राहतात, त्याईले तरास होते."

"आजच?"

"पहिल्या प्रोग्रामपासून."

डिसेंबरात मला दरदरून घाम फुटला. माझ्या पायाशी एक छोटा स्पीकर असतो. त्यातून मला आणि शेजारच्या पियानोवाल्याला, ड्रमवाल्याला माझा बास ऐकू येतो, म्हणून मला कधी शंकाच आली नाही. आणि बायको? समोर बसून दर वेळी 'आज छान झालं' म्हणायची, ती कशावरून?

"चालू कर!" मी ओरडलो.

"करतो ना. काहून चिडून राहिले सर?"

दुसऱ्या भागात मी जीव ओतून वाजवलं. मोठे स्पीकर घुमले, लोकांचे चमचे थांबले, माझे डोळे भरून आले. शेवटचं गाणं संपलं तशी ती मुलगी पुन्हा आली.

"आलं ऐकू?" मी विचारलं.

"आलं ना सर." ती रिकाम्या प्लेटकडे पाहत राहिली.

"मग? बोल ना वं!"

"सूर खाली लागून राहिला होता, सर. वरच्या पट्टीत गेले की दर वेळी. आमचा असा लागला की तुम्ही लगेच थांबवता. तुम्हाले कोणीच नाही थांबवलं?"

मी मागे वळलो. पियानोवाला आणि ड्रमवाला वायरी गुंडाळत होते. दोघांनीही मान वर केली नाही.