पडून राहिलेली बॅटरी

कूलर बसवताना मी पडलो. उन्हाळा लागायच्या आधी नागपुरात घरोघरी कोणीतरी खिडकीबाहेरच्या लोखंडी स्टँडवर कूलर चढवत असतं. मीही दरवर्षी चढवायचो. त्या वर्षी छज्ज्यावर पाय ठेवला, तो ओला होता, आणि मी पाठीवर खाली अंगणात आलो. फारसं दुखलंही नाही. उठायला गेलो तेव्हा कळलं की कमरेखालचं अंग माझं ऐकत नाही. त्यानंतर त्याने कधीच ऐकलं नाही.

त्याआधी मी गांधीबागेत कापडाच्या एका ठोक दुकानात सेल्समन होतो. दिवसभर गादीवर उभं राहून कापडाचे तागे उलगडायचे, गिऱ्हाईक गेलं की पुन्हा गुंडाळायचे. पाय गेल्यावर ते काम गेलं. बायको मुलींच्या एका होस्टेलच्या मेसमध्ये पोळ्या लाटायची, त्यावर घर चाललं. मी नंदनवनातल्या आमच्या तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत खिडकीजवळच्या पलंगावर असायचो. कोणी भेटायला आलं की उशीला टेकून बसायचो, गेलं की पुन्हा आडवा व्हायचो.

बॅटरीची गाडी माझ्या बहिणीच्या डोक्यातून निघाली. तिने तिच्या सासरी विषय काढला, आमच्या वस्तीतल्या विहारातल्या मंडळींनी हातभार लावला, आणि एका दुपारी टेम्पोतून ती गाडी आली. चार छोटी चाकं, मध्ये गादीची खुर्ची, पुढे हँडल. पाय लागतच नाहीत. उजव्या अंगठ्याने खटका दाबला की पुढे जाते, सोडला की जागच्या जागी थांबते. वेग कमी-जास्त करायच्या बटणावर एका बाजूला कासवाचं चित्र, दुसऱ्या बाजूला सशाचं.

गाडी आणणाऱ्या माणसाने टेम्पो चालूच ठेवला होता. तो घाईघाईने म्हणाला, "पहिले रातभर चार्ज करा. फिरून आले की लगेच पिन लावायची. पूर्ण खाली होऊ द्यायची नाही. सुरुवातीले कासवावरच चालवा." मग खुर्चीच्या मागे वाकून त्याने एक पिवळा दांडा दाखवला. "हे खाली केलं की गाडी मोकळी होते, ढकलता येते. पण मंग ब्रेक नाही राहत, ध्यानात ठेवा."

मी सगळ्याला हो म्हटलं. माझं लक्ष फाटकाबाहेरच्या रस्त्याकडे होतं.

पहिल्या दिवशी मी गल्लीच्या टोकापर्यंत गेलो आणि परत आलो. दुसऱ्या दिवशी विहारापर्यंत. मग भाजीबाजारात. बायकोने सांगितलेली मेथी मी स्वतः निवडून आणली, ती जून निघाली, तरी बायकोने तीच शिजवली. मला कोणी विचारलं की कुठे निघाले, तर मी "असंच" म्हणायचो. बाहेर पडायला कारण लागत नाही, ही गोष्ट मी पार विसरलो होतो. घरी आलो की पिन लावायची, मग रात्रभर चार्जरवर लाल दिवा असायचा. सकाळी चार्जरवर हिरवा दिवा दिसला की तो दिवस बरा जायचा.

ते थोडेच दिवस टिकलं. एका सकाळी अंग पुसताना बायकोला माझ्या बसायच्या जागेवर काळपट डाग दिसला. मला तिथे काही समजतच नव्हतं, त्यामुळे कधीपासून होता कोण जाणे. डॉक्टरांनी बोट लावून पाहिलं आणि सांगितलं की बेडसोर आहे, आत खोल गेला आहे, आता बसायचं नाही. पालथं झोपायचं, जखम भरेपर्यंत.

पावसाळा आला, गेला, दिवाळी झाली. मी पालथा होतो. तोंड भिंतीकडे केलं तर भिंत, इकडे केलं तर पलंगाखालची बादली. जखमेचा वास यायचा. बायको मेसवरून आली की हात धुऊन आधी ड्रेसिंग करायची, मग चहा घ्यायची. मी तिला म्हणायचो, आधी चहा घे. ती ऐकायची नाही. कधीकधी तिच्या हाताला मसाल्याचा वास असायचा आणि त्या दोन वासांनी मला मळमळायचं, पण ते मी तिला सांगितलं नाही.

गाडी अंगणातल्या जिन्याखाली होती. बायकोने तिच्यावर जुनं फ्लेक्स टाकलं होतं, आणि रविवारी ती फ्लेक्स काढून गाडी फडक्याने पुसायची. चाकंसुद्धा. चार्जिंगची पिन मात्र तिने लावली नाही. मीही लाव म्हटलं नाही. गाडी बंद होती. बंद वस्तूला वीज कशाला लागेल, असंच आम्हा दोघांना वाटत होतं.

थंडी पडल्यावर जखम भरली. डॉक्टरांनी थोडं थोडं बसायची परवानगी दिली. त्याच आठवड्यात मी दुकानाच्या शेठला फोन केला. पलंगावर पडल्या पडल्या मी ती वाक्यं इतक्या वेळा मनात म्हटली होती की बोलताना ती पाठ केल्यासारखी आली. "शेठ, बिलाच्या टेबलावर बसतो. फोन घेतो. उभं राहायचं काम सोडून काहीही द्या."

शेठने दुकानात कोणाला तरी काही विचारलं. मग म्हणाला, "बिलवाला पोरगा सोडून चालला आहे. सोमवारी दुपारी ये. पाहू."

रविवारी संध्याकाळी गाडीला पिन लावली. आम्ही निजायच्या आधीच हिरवा दिवा लागला. बायको म्हणाली, "पाहा, किती लवकर झाली." मीही खूश झालो. पूर्वी हाच दिवा लागायला सकाळ व्हायची, हे आमच्यापैकी कोणाच्याच ध्यानात आलं नाही.

सोमवारी तिने इस्त्रीचा शर्ट काढून दिला. "मी येतो संगं. मेसवाल्या बाईले सांगतो, आज अर्धा दिवस."

"तू काहून येतेस वं? रोज येशील का मंग? मले एकट्याले जाता आलं पाह्यजे."

"रस्ता मोठा आहे."

"गाडी फुल्ल आहे, पाह्य." मी किल्ली फिरवली. हँडलवरचा बॅटरीचा काटा हिरव्याच्या शेवटच्या रेघेवर गेला. तिने मेसला न्यायची पिशवी खांद्याला लावली.

नंदनवनातून बाहेर पडेपर्यंत सगळं ठीक होतं. मोठ्या रस्त्याला लागलो, डाव्या कडेने चाललो होतो. काटा हिरव्यातून पिवळ्यात आला तेव्हा मला वाटलं चढ आहे म्हणून असेल. पुढे चौक होता. सिग्नल हिरवा झाला, मी इतर गाड्यांबरोबर निघालो, आणि चौकाच्या मधोमध गाडीने टुक टुक असा आवाज काढला. काटा लाल रेघेवर पडला. मी खटका जोरात दाबला. गाडी हातभर सरकली आणि थांबली.

सिग्नल बदलला. एका बाजूने बस, दुसऱ्या बाजूने ट्रक, मधून ई-रिक्षा आणि मोपेडी. सगळे हॉर्न वाजवत होते. एक जण ओरडला, "उतर ना बे, बाजूले घे." मी उतरू शकत नाही हे त्याला दिसत नव्हतं. ट्रकचं चाक माझ्या खांद्याच्या उंचीचं होतं, आणि ते इतक्या जवळून गेलं की त्याचा गरम वारा मला तोंडावर लागला. मी किल्ली बंद केली, चालू केली. काटा चक्क पुन्हा हिरव्यात गेला. खटका दाबला, आणि तो पुन्हा लालवर पडला.

ट्रॅफिकचा शिपाई आला. त्याने आणि दोन मोटरसायकलवाल्यांनी ढकलून पाहिलं. गाडी हलेना, कारण बंद पडली की तिचा ब्रेक आपोआप लागतो. मी म्हणत होतो, मागे पिवळा दांडा आहे, तो खाली करा. हॉर्नच्या आवाजात कोणाला ऐकू जात नव्हतं. मी मागे हात घालून पाहिला, पोचला नाही. शेवटी एकाला दांडा सापडला. गाडी एकदम मोकळी झाली, घरंगळली, आणि शिपायाने खुर्ची धरली म्हणून कशावर आदळली नाही. त्यांनी मला फुटपाथपाशी, एका पानठेल्याजवळ नेऊन सोडलं. कोणी दांडा वर केला, चाकामागे विटेचा तुकडा लावला, आणि सगळे आपापल्या कामाला गेले.

बायकोला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पोळ्यांच्या वेळी तिचा फोन पिशवीत असतो, आणि पिशवी खुंटीला. मी पुन्हा लावला. मग पुन्हा.

शेठला लावला. त्याने लगेच उचलला. मी काय झालं ते सांगितलं, म्हटलं की थोडा उशीर होईल, पण येतो. मागे दुकानातले आवाज येत होते, कोणीतरी मीटरचा भाव विचारत होतं.

"देख भाई," शेठ म्हणाला, "राहू दे. तुझं वाईट व्हावं असं मला वाटत नाही. पण पहिल्याच दिवशी रस्त्यात अडकलास. रोज कसा येशील? इथे काम थांबत नाही."

मी म्हटलं, "उद्या येतो, शेठ."

"राहू दे," तो म्हणाला. आवाज खरंच मऊ होता. त्याच्यावर रागावायलाही मला जागा सापडेना.

फोन खिशात ठेवला. समोर तोच चौक होता. तिथेच मधोमध राहिलो असतो तर बरं झालं असतं, असं माझ्या मनात आलं. आलं आणि बराच वेळ गेलं नाही.

मग दुसरीच काळजी सुरू झाली. माझ्या पोटरीला लघवीची पिशवी बांधलेली असते. गांधीबागेत पोचल्यावर, दुकानात जायच्या आधी एखाद्या कोपऱ्यात ती रिकामी करायची असं मी ठरवलं होतं. आता ती गच्च भरली होती. पँटवरून हात लावला तर टणक लागत होती. भरून लघवी उलटी मागे फिरली तर ताप येतो, तो मी एकदा भोगला होता. नाली दहा-बारा हातांवर होती. तेवढं अंतर मला जाता येत नव्हतं.

पानठेलेवाला माझ्याच वयाचा होता. मी त्याला हाक मारली. "भाऊ, मले तेवढं नालीपाशी न्या."

"नालीपाशी काहून?"

मी सांगितलं. हळू सांगायचा प्रयत्न केला, पण रस्त्याच्या आवाजात मला ते मोठ्याने पुन्हा सांगावं लागलं. ठेल्याजवळ उभे असलेले दोघं दुसरीकडे पाहू लागले. पानवाल्याने हात फडक्याला पुसले, दांडा कुठे आहे ते विचारलं, आणि मला नालीच्या कडेला नेलं. मग ठेल्यामागचं पोतं घेऊन तो रस्त्याच्या बाजूने, माझ्याकडे पाठ करून, ते पसरून उभा राहिला. मी वाकून पिशवीचा खटका उघडला. ती रिकामी होईपर्यंत तो तसाच उभा राहिला. माझे डोळे वाहत होते आणि हात मोकळे नव्हते म्हणून मी ते पुसले नाहीत.

बायको ऊन कलल्यावर आली. फोन पाहिला तशीच निघाली होती, कपाळावर पीठ होतं. ई-रिक्षावाला म्हणाला की दोरीने मागे बांधून नेतो. मी नको म्हटलं. दांडा खाली केल्यावर ब्रेक नसतो, रिक्षा थांबली तर मी तिच्यावर आदळणार. मग तिने मला घरापर्यंत ढकलत नेलं. मध्ये मध्ये थांबायची, कमरेवर हात ठेवायची.

"शेठ काय म्हणे?"

"नाही म्हणे."

बरंच पुढे गेल्यावर ती मागून म्हणाली, "मी दर रविवारी पुसत होती गाडी."

मला तेव्हा तिच्याकडे वळूनही पाहता येत नव्हतं. "तुह्यी चूक नाही," मी म्हटलं. "गाडीतच काही बिघडलं असन."

दोन दिवसांनी गाडीच्या कंपनीचा मेकॅनिक आला. त्याने खुर्ची उचलली, खालच्या दोन्ही बॅटऱ्यांना मीटर लावलं, आणि चाकं अधांतरी करून मोटर चालू केली. मीटरवरचे आकडे धडाधड खाली आले.

"दोन्ही गेल्या," तो म्हणाला. "चालवून नाही गेल्या. पडून राहिल्या म्हणून गेल्या."

"पण बंद होती ना," बायको म्हणाली.

"बंद असली तरी आतल्या आत उतरत राहते, ताई. उतरलेली तशीच ठेवली की मरते. गाडी चालवा का नका चालवू, आठ-दहा दिवसांतून चार्ज करायचीच. आणि उभ्या गाडीचा काटा पाहू नका. थोडी चालवून मंग पाहा. हिरवा दिवा लवकर लागला, तर समजायचं का बॅटरी घेतच नाही."

तो गेल्यावर बायको जिन्याखाली गाडीजवळच बसून राहिली. मी हाका मारल्या, तरी ती बराच वेळ आत आली नाही.

नव्या बॅटऱ्या यायला उन्हाळा उजाडला. त्या रात्रभर चार्ज केल्या आणि मी विहारापर्यंत गेलो, काटा पाहिला, परत आलो. मग भाजीबाजार. मोठ्या रस्त्याच्या तोंडाशी जाऊन थांबायचो, पलीकडे पाहायचो आणि गाडी वळवायचो. बिलाच्या टेबलावर दुसरा माणूस बसला होता, त्यामुळे पलीकडे जाऊन करायचं काय, हेही होतंच.

मागच्या महिन्यात जखम पुन्हा उघडली. डॉक्टर म्हणाले की या वेळी ऑपरेशन करावं लागेल, त्यानंतरही भरेलच असं सांगता येत नाही. मी पुन्हा पालथा आहे. हे मी मोबाइलवर बोलून लिहून घेतो आहे, कारण या स्थितीत हाताने लिहिता येत नाही. गाडी विकून टाक, असं मी बायकोला दोनदा म्हटलं. तिने गाडीची किल्ली उचलून कपाटात ठेवली.

आज रविवार. ती मेसवरून आली, ड्रेसिंग केलं, आणि बाहेर जिन्याकडे गेली. फ्लेक्स ओढल्याचा आवाज आला, मग पिन लावल्याचा, मग चार्जरचा छोटा पंखा घूं करत सुरू झाला. ती आत येऊन म्हणाली, "लाल दिवा आहे. बॅटरी घेऊन राहिली." मी भिंतीकडे तोंड करून होतो. तिने चहा ठेवला आणि माझ्या डोक्याशी बसली.