नुसती पिशवी

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आईला नाही, नवऱ्याला तर नाहीच. देवाला सगळं ठाऊक असतं म्हणतात — असेलही, पण त्याच्यापुढेसुद्धा मी हा विषय टाळूनच हात जोडत आले. मग तुम्हाला का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून. ओळखीच्या माणसाला सांगायची हिंमत माझ्यात नव्हती, आजही नाही.

मी एक वाक्य बोलले होते. त्यात खोटा शब्द एकही नव्हता — हे आधीच सांगून टाकते, कारण पुष्कळ दिवस मी स्वतःची समजूत यावरच घालत होते. पण ते वाक्य कळायचं तर आधी मनीषाचं दुखणं कळायला हवं.

मनीषा माझी चुलत बहीण, माझ्याहून बरीच लहान. काकांचं घर फुलंब्रीकडे. बारावीनंतर ती कॉलेजसाठी शहरात आली आणि आमच्या सिडकोतल्या घरी राहिली. माझं लग्न होऊन तेव्हा बराच काळ लोटला होता, मुलगा शाळेत जात होता. 'आक्का, आक्का' करत ती माझ्या मागेपुढे असायची. कामाला चपळ, तोंडानं गोड. मला ती आवडायची का? हो, आवडायची. नावडती असती तर हे सांगणं इतकं जड गेलं नसतं.

तिला दर महिन्याला दुखायचं. पाळी तोंडावर आली की सुरू. गादीवर लोळायची, ओकायची, घामानं भिजायची. आम्ही सगळ्यांनी ते पाळीच्या खात्यात टाकलं आणि मोकळे झालो. बाईचं पोट महिन्याच्या महिन्याला दुखणारच, त्यात बघायचं काय? ओवा खा, शेक घे, पडून राहा. पण मनीषा शेक घ्यायची तो ओटीपोटावर नव्हे — उजव्या बरगडीखाली. आणि तिथून मागं, खांद्यापर्यंत चमक जाते म्हणायची. मी हे बघत होते. 'तुझी पाळी खांद्यात येते का गं?' म्हणून तिची चेष्टाही केली होती. ती बिचारी कण्हता कण्हता हसली होती.

दुखत तर मलाही होतं. लग्नाच्या आधीपासून. दुखणं अंगावर काढायचं असतं, हे मी आईकडून शिकले. कुणी वेगळं शिकवलंच नाही. ह्यांना, म्हणजे माझ्या नवऱ्याला, माझे दिवस आल्याचं कळायचं ते फक्त देवाजवळचा दिवा त्यांना स्वतःला लावावा लागला म्हणजे. तेवढाच त्यांना माझ्या दुखण्याचा त्रास. आणि याच माणसानं एका सकाळी मनीषाला कण्हताना ऐकलं आणि लगेच पायात चपला घातल्या. 'हे साधं दिसत नाय. चला, दवाखान्यात नेऊ पोरीला.' रिक्षा तेच घेऊन आले. रिक्षात तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं आणि मला स्वतःलाही कळा येत होत्या — एका घरात राहून आमच्या दोघींच्या तारखा जवळ आल्या होत्या. मला कुणी विचारलं नाही. तुम्ही म्हणाल, तू सांगितलंस का? नाही सांगितलं. पण तिनं तरी कुठं सांगितलं होतं?

गैर काही नव्हतं हो त्यांच्या वागण्यात. तसला संशय माझ्या मनाला कधी शिवला नाही, खरंच नाही. शिवला असता तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं. त्या माणसाजवळ काळजी होती. भरपूर होती. मला वाटत आलं होतं की त्यांचा स्वभावच कोरडा — तो तसा नव्हता, हे मला त्या रिक्षात कळलं. तिच्या पोटात कळ होती आणि माझ्या पोटात पोटशूळ उठला.

सोनोग्राफीत पित्ताचे खडे निघाले. डॉक्टरीणबाईंनी नीट समजावून सांगितलं. काही बायकांमध्ये हे दुखणं पाळीच्या सुमारालाच उसळतं, म्हणून घरचे फसतात आणि पोरगी पाळीच्या गोळ्या खात बसते. मग त्या म्हणाल्या, 'पिशवी काढावी लागेल.' फुलंब्रीहून काकू आली होती, ती खुर्चीतून उठलीच. 'कुवार पोरीची पिशवी काढता व्हय? मंग हिला करून कोण घेईल?' आमच्याकडे पिशवी म्हटलं की एकच — गर्भाची. बाईची पिशवी काढली म्हणजे तिचं लेकराबाळांचं दुकान बंद. डॉक्टरीणबाईंना हसू आलं. 'मावशी, ती नाही. पित्ताची पिशवी. हिला लेकरं खुशाल होतील.' काकूनं डोळे पुसले आणि मग आम्ही सगळ्याच हसलो. मीही हसले. म्हणजे तो एक शब्द नुसता उच्चारला तर आईच्या काळजाचं काय होतं, ते मी समोर बसून पाहिलं होतं. नकळत झालं, असं म्हणायची सोय मला नाही.

ऑपरेशन दुर्बिणीतून झालं. ह्यांनी रजा काढली, शहाळी आणली, पथ्याचं विचारून घेतलं. मनीषाची पाळी पुढे आली ती कधी आली नि गेली, घरात कळलंही नाही. तिच्या दुखण्याला नाव मिळालं, डॉक्टर मिळाला, माणसं मिळाली. माझं मात्र नुसतं महिन्याचंच राहिलं, कारण माझ्यात खडे नव्हते.

वर्षभरानं ह्यांनीच तिच्यासाठी स्थळ आणलं. नितीन नाव, चितेगावला ह्यांच्याच कंपनीत होता. शांत, कामसू मुलगा. बघण्याचा कार्यक्रम आमच्याच घरी झाला आणि दोघं एकमेकांना आवडले — इतके की मनीषा आठवडाभर भाजीत मीठ घालायला विसरत होती. सुपारी फुटायची तेवढी बाकी होती. पण सुपारीच्या आधी आमच्यात एक रीत आहे. मुलाकडचं एखादं वडीलधारं माणूस 'इकडूनच चालले होते' म्हणत येतं, पोरगी जिथं राहिली तिथं बसतं आणि सहज म्हणून विचारतं. नाव चहाचं, काम चौकशीचं. तशी नितीनची आत्या एका दुपारी आली. मनीषा कॉलेजात होती. मी पोटाशी उशी धरून पडले होते — हो, नेमके तेच दिवस. आणि सकाळी डबा घेऊन निघताना ह्यांनी दारातून मला विचारलं होतं, 'मनीषाला आता दुखत नाय ना?' मी भिंतीला धरून उभी होते आणि मला हे विचारलं होतं.

आत्याबाई चांगल्या बाई होत्या. पाऊसपाणी झालं, भाज्यांचे भाव झाले, मग त्या विषयावर आल्या. 'पोरीला काही दुखणंबिखणं?' असं सगळेच विचारतात, आणि सगळे 'छे हो' म्हणतात. मी काय म्हणाले, ते जसंच्या तसं सांगते. मी म्हणाले, 'आता काही नाही. आधी पाळी आली की लई दुखायचं तिला. मागच्या साली पिशवी काढली, तवापासून बरीय.'

एवढंच. पित्ताची, हा शब्द माझ्या जिभेवर होता, मी तो गिळला. 'ध'चा 'मा' करायचा तर निदान अक्षर तरी बदलावं लागतं — मला तेवढेही कष्ट पडले नाहीत. आत्याबाईंनी कप खाली ठेवला. 'अगं माय,' म्हणाल्या. कसली पिशवी, असं त्यांनी विचारलं नाही. का विचारतील? पाळी, दुखणं आणि पिशवी — एका ओळीत बसवून मीच दिलं होतं. अजूनही वेळ होती. त्या पायात चपला सरकवत होत्या, दाराशी होत्या, जिन्यात होत्या. मी म्हणाले, 'येत जा.'

चार दिवसांनी निरोप आला, पत्रिका जुळत नाही. मनीषा बाथरूममध्ये नळ सोडून रडली. तिला वाटलं, तिच्या रंगावर गेले असतील. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. फिरवताना मला काय वाटत होतं? खरं सांगू? बरं वाटत होतं. थोडा वेळ का होईना, बरं वाटत होतं.

मग ते वाक्य माझं राहिलं नाही. भावकीतून, पाहुण्यांतून, लग्नाच्या मांडवांतून ते माझ्याहून पुढे जात राहिलं. स्थळ यायचं, पोहे खायचं आणि जायचं ते जायचं. असलं बोलणं पोरीच्या घरच्यांच्या कानावर सगळ्यात शेवटी येतं. काका-काकूंच्या तर ते आलंच नाही. काकू नवस बोलत होती. मी रोज बोलू शकत होते — एक फोन, एक शब्द. उलट मीच काकूला म्हणायचे, योग यावा लागतो.

योग आला. खुलताबादच्या बाजूचं घर, सीताफळाची बाग. नवरा मुलगा बिजवर. पहिली बायको बाळंतपणात गेलेली, पदरात दोन लेकरं. त्यांनी मनीषाला बघता क्षणी होकार दिला आणि काकांनी देवाचे आभार मानले. इतक्या झटकन का, हे कुणी विचारलं नाही. मला विचारावं लागलं नाही. सासूला घरात पुन्हा बाळंतपण नको होतं. पिशवी काढलेली, तरणी, गरीब घरची पोरगी तिला हवीच होती. लग्नानंतर पाठराखीण म्हणून तिच्यासोबत सासरी कोण गेलं? मी. पाठराखीण! आपल्या भाषेला काही वेळा लाज वाटत नाही.

मनीषानं ती लेकरं आपली केली. नवरा माणूस बरा निघाला. आणि मग एक दिवस ती एकटीच बसनं आमच्याकडे आली, पाणीसुद्धा न घेता माझ्यासमोर बसली.

'आक्का, मला दिवस गेलेत.' मी काही बोलायच्या आत ती पुढं म्हणाली, 'घरात लई गोंधळ चाललाय. त्यांला वाटतंय माझी पिशवी काढलेली हाय. म्हनूनच केली म्हनं मला. आता सासूबाई म्हनत्यात, पाळी येत व्हती तवाच वाटलं, अर्धीच काढली असंल, कापलेल्या पिशवीत लेकरू कसं ऱ्हाईल, फुटंल ती. असं कुणी सांगितलं असंल गं त्यांला?'

'लोकांच्या तोंडाला हात कोण लावणार,' मी म्हणाले.

ती मला न्यायला आली होती. तिच्या किंवा तिच्या आईच्या शब्दावर त्यांचा विश्वास नव्हता — पोरीची आई झाकूनच बोलणार. 'तू व्हतीस दवाखान्यात. तुझं ऐकतील ते.' नाहीतर दाजींना तरी पाठव म्हणाली. बायकांच्या गोष्टीत पुरुष माणूस काय बोलणार, म्हणून मी तोही रस्ता बंद केला. कंबर धरलीय, पुढच्या आठवड्यात नक्की येते, असं सांगून तिला बसला बसवून दिलं. माझी कंबर त्या दिवशी अगदी ठणठणीत होती.

मी गेले नाही. पुढचा आठवडा यायच्या आत त्यांनी तिचं पोट पाडून आणलं. त्यानंतर त्या घरात कुणी ती वेळ पुन्हा येऊ दिली नाही.

काही महिन्यांनी ती भेटली तेव्हा मला रडू फुटलं. तिनंच माझे डोळे पुसले. 'जाऊ दे आक्का. तू आली असतीस तरी ऐकलं नसतं त्यांनी.' मी मान हलवली. तिनं दिलेलं ते वाक्य मी घेतलं, घरी आणलं आणि इतकी वर्षं वापरलं. रात्री झोप लागायला फार उपयोगी पडलं ते.

इथवरचं सांगणं त्यातल्या त्यात सोपं होतं. जे खरं सांगायचंय ते अजून राहिलंय.

त्यांनी ऐकलं असतं. मला कसं माहीत? मनीषा येऊन गेली त्याच्या दुसऱ्याच दिवशी तिच्या सासूचा मला फोन आला होता. मनीषाला न सांगता केला होता. माझी समजूत अशी की ती बाई भांडेल. ती भांडली नाही. ती विनवत होती.

'बाई, एक सून मी ह्या हातानं मातीला लावली. डॉक्टर म्हनतो सगळं बरं हाय, पर पहिलीच्या येळंला बी तो असंच म्हनत व्हता. कागदावरलं मला वाचता येत नाय. तुमी व्हता तिथं. कुठली पिशवी काढली, तेवढं सांगा. तुमी म्हनाल तसं करते.'

पित्ताची. एवढंच म्हणायचं होतं. पण पित्ताची म्हटलं असतं तर मग ही दुसरी गोष्ट आली कुठून, ते शोधणं आलं असतं. नितीनची आत्या अजून हिंडत-फिरत होती, तिनं सरळ माझ्या दाराकडे बोट दाखवलं असतं. मग काकू, मग मनीषा, मग हे. मी हा सगळा हिशोब फोन कानाला असतानाच केला. त्या बाई पलीकडे थांबल्या होत्या.

'मला आता नीट आठवत नाही,' मी म्हणाले.

त्या म्हणाल्या, 'मंग नगंच बाई. पोरगी तरी ऱ्हाईल.' आणि त्यांनी फोन ठेवला.

त्या बाई आता नाहीत. या फोनबद्दल त्यांनी मनीषाला कधी सांगितलं नाही. मनीषा दिवाळीला येते, माझे केस गळतात म्हणून घरचं तेल घेऊन येते, मला पाटावर बसवते आणि बोटांनी मुळांशी चोळून लावते. आणि मी मान खाली घालून लावून घेते.