माझ्यासमक्ष तपासले

लोणी देवकरच्या आमच्या कारखान्यात दरवर्षी ऑडिटच्या आदल्या दिवशी तो पणदऱ्याहून मोटारसायकलवर यायचा. नाव मी कधी विचारलं नाही. फाटकावरच्या वहीत तो 'कॅलिब्रेशनवाला' होता. लेझरवर चालणारी बारा यंत्रं आमच्याकडं. प्रत्येकात लेझरचा उजेड बघणारा फोटोडायोड, म्हणजे यंत्राचा डोळाच. जेवढा उजेड तेवढा करंट, आणि त्याचा आकडा पडद्यावर. तो आकडा खरा आहे का, एवढंच त्यानं बघायचं.

आधी तो हात पुसायचा, लेझर बंद करायचा आणि जुन्या छत्रीचं काळं कापड त्या डोळ्यावर दुमडून ठेवायचा. मग पडद्यावर शून्य येण्याची वाट बघत बसायचा. यंदा पहिल्याच यंत्रावर शून्य येईना.

"लेझर बंद हाय, डोळा झाकलाय, तरी ह्यो म्हणतोय उजेड दिसतोय," तो म्हणाला. "ह्याला कामावर ठिवा साहेब, पर साक्षीला उभा करू नका."

मी हसलो. उरलेली अकरा राहू देत म्हटलं. ऑडिटर कागदच बघतो. कागदावर बाराही यंत्रांपुढं 'माझ्यासमक्ष तपासले, बरोबर आढळले' असं छापलेलंच होतं. मी बारा सह्या ठोकल्या.

त्यानं 'वापरू नये' लिहिलेलं एक लाल स्टिकर सोलून त्या यंत्राला लावलं. मग दुसरं सोललं, बोटावर धरलं आणि माझ्याकडं बघत विचारलं, "साहेब, हे कुठं लावू?"